‘यू’ पहिल्याच धड्यात हवा

विमट्यूटरमध्ये, म्हणजे ‘विम’ या टेक्स्ट एडिटरच्या सरावधड्यांत, मोड (टाइप करण्याची, आज्ञा देण्याची अशा वेगवेगळ्या अवस्था) समजावणारी चित्रं घाला, असं कोणी सुचवलंय. घाला की, पण खरी अडचण क्रमाची आहे. धडा १.३ मध्ये नवख्याच्या हाती ‘एक्स’ ही कळ देतात, म्हणजे अक्षरं खोडायला लावतात. आणि केलेलं परत फिरवणारा ‘यू’ भेटतो थेट २.७ मध्ये. मधल्या काळात नको ते खोडलं की माणूस बिचकतो. प्रत्यक्षात धड्याच्या फाइलची प्रतच उघडलेली असते, काही बिघडत नाही, पण भीती वाटायची ती वाटतेच.

निओविमच्या (विमवरूनच बनलेल्या एडिटरच्या) ‘ट्यूटर’मध्ये ओळ बरोबर झाली की बाजूला खूण बदलते. छान आहे, पण ते फक्त ओळीचं शेवटचं रूप जुळवून बघतं. ‘डीडब्ल्यू’च्या (शब्द खोडायच्या आज्ञेच्या) सरावात कोणी इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करण्याच्या अवस्थेत, जाऊन बॅकस्पेस बडवत बसला तरी शाबासकी मिळते! किती कळा दाबल्या तेही दाखवा, मग फरक आपोआप कळेल.

आणि आपल्यासाठी एक इशारा पहिल्याच पानावर हवा: इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्ड) चालू राहिलं तर कर्सर हलवणाऱ्या एच-जे-के-एलच्या जागी प-र-क-त जातं, कर्सर ढिम्म हलत नाही, आणि बिचारा एस्केप दाबत बसतो.