अर्थसचा मुलगा चालवून घ्यायचा का?

भायखळा_रात्रपाळी:
शनिवारी रात्री वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये आमच्या गिल्डचा (खेळणाऱ्यांच्या गटाचा) सीन चालू होता, प्रत्येक जण एकेक पात्र होऊन बोलतो तसा. गेममधल्या स्टॉर्मविंड शहरातली खानावळ, लॉर्डेरॉन राज्यातून जीव वाचवून आलेली माणसं जेवायला बसलीयेत. आमच्यातली एक जण लॉर्डेरॉनमधल्या स्ट्रॅटहोम शहरातल्या बाईचं पात्र करते, ती पावाला हात लावत नाही कारण तिकडे प्लेग धान्यातून पसरला आणि मग राजपुत्र अर्थसने अख्खं शहर कापून काढलं. ती हे कोणाला सांगत बसत नाही, ताट नुसतं बाजूला सरकवते आणि ज्याला लोर (गेमच्या जगाची ठरलेली कथा) माहितीये त्याच्या अंगावर काटा येतो. तेवढ्यात एक नवीन मुलगा आला आणि म्हणाला मी अर्थसचा मुलगा. झालं, सगळे त्याच्याकडे वळले, तिचं ताट तसंच राहिलं. अर्थसला मूल होतं असं कुठे आलेलंच नाही! याला क्रिएटिव्हिटी म्हणायचं का?

विरार_फास्ट:
दादा राग समजतो, पण कंपनीने तरी लोर कुठे पाळलाय? २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ च्या पुस्तिकेत एरेडार या जादूगार जमातीमुळे सार्गेरास हा देवासारखा टायटन बिघडला असं होतं, २००७ ला गेमचा बर्निंग क्रूसेड हा नवा विस्तार आला आणि बरोब्बर उलटं झालं, सार्गेरासनेच एरेडारांना बिघडवलं. टॉरेन (बैलासारखी जमात) पॅलाडिन (पवित्र योद्धा) २००९ ला कोणी केला असता तर तुम्हीच हाकलला असता, २०१० ला कॅटॅक्लिझम या विस्तारात तो अधिकृत झाला. मी पहिल्यांदा एका गिल्डमध्ये गेलो तर तोंडी परीक्षाच घेतली, साल सांग, राजा सांग. साडेदहाला घरी पोचणाऱ्या माणसाने कधी वाचायचं हे सगळं? परत गेलोच नाही तिकडे.

परळची_मालवणी:
परीक्षा घेणं चूकच. पण आमच्या दशावतारी नाटकात बघ ना, संवाद कोणी लिहून देत नाही, नट उभ्या उभ्या बोलतात, रात्रभर रंगवतात, तरी कथा पुराणातलीच राहते. समोरच्याला कथा माहितीये म्हणून तर तो लगेच उत्तर देऊ शकतो. तू वाटेल तो बाप लावून आलास तर मी काय बोलू?

विरार_फास्ट:
आणि तुमच्या दशावतारातला तो विनोदी असुर, संकासूर? तो आजकालचं काहीही बोलतो की.

परळची_मालवणी:
बोलतो, पण संकासूर म्हणूनच बोलतो रे. मी कृष्णाचा भाऊ असं म्हणत नाही.

भायखळा_रात्रपाळी:
हेच म्हणतोय मी. त्या मुलाला सांगतो की अर्थसचा मुलगा नको, स्ट्रॅटहोममध्ये अर्थसच्या हुकमावरून तलवार चालवलेला शिपाई कर आणि त्या बाईच्या समोर जेवायला बस. बघ सीन कसा होतो ते.

विरार_फास्ट:
आयडिया भारी आहे, पण ती तुझी झाली ना. त्याला मुलगाच का व्हायचं होतं हे विचारलंस का एकदा तरी?

भायखळा_रात्रपाळी:
नाही विचारलं. आज रात्री ऑनलाइन आला तर विचारतो.