टेलव्हील विमान: डाव्या चाकाला टो-इन, शिम कुठे लावायचा?

प्रश्न
अ‍ॅल्युमिनियमच्या स्प्रिंग पायांचं दोन आसनी टेलव्हील विमान (पुढे दोन मुख्य चाकं, तिसरं लहान चाक शेपटीखाली) बांधणीत आहे. इंजिन अजून चढवलेलं नाही. शेपूट जमिनीवर, म्हणजे नाक साधारण १२° वर. ब्रेकच्या डिस्कला ६०० मिमीची सरळ पट्टी टेकवून मध्यरेषेपासून अंतरं घेतली. डावीकडे पट्टीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा ६ मिमी आत येतं, म्हणजे टो-इन; उजवीकडे दोन्ही टोकं सारखी. दोन्ही चाकांचे माथे सुमारे ३° बाहेर झुकलेले आहेत. डावीकडे अर्ध्या अंशाचा शिम (पाचरीसारखी पातळ चकती) टाकला की झालं ना?

उत्तर १
थांबा, शिम टाकू नका. या मापावर टाकला तर चांगलं चाक बिघडेल.

६०० मिमीत ६ मिमी म्हणजे जवळपास ०.६°. पण माथा बाहेर झुकलेला असताना नाक वर केलं की कॅम्बरचा (म्हणजे या झुकावाचा) काही भाग टो-इन म्हणून दिसतो. हिशोब सोपा आहे: ३ गुणिले १२° ची साइन, म्हणजे ०.६°. शेपूट उचलून विमान उड्डाणाच्या पातळीत आणलंत की डावं चाक शून्याच्या आसपास येईल आणि ‘बरोबर’ वाटणारं उजवं चाक ०.६° टो-आउट (पुढून बाहेर वळलेलं) निघेल.

त्यातून इंजिन नाही. वजन आलं की पाय पसरतात, कॅम्बर कमी होतो आणि टोही थोडा हलतो. त्यामुळे आत्ताचा आकडा पक्का धरू नका.

उत्तर २
मापायची पद्धत अशी. विमानात पूर्ण वजन हवं. इंजिन नसेल तर त्याच्या जागी तेवढंच वजन बांधा. शेपूट स्टँडवर घेऊन पाणसळीने पातळी पाहा. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये भरपूर ग्रीस. हे टाळू नका: टायर जमिनीला चिकटून राहिला तर पाय पूर्ण पसरत नाहीत आणि माप खोटं येतं. पंख धरून विमान दोन-चारदा दाबा, मग हात लावू नका.

फायरवॉलच्या (इंजिनामागच्या भिंतीच्या) मध्यावरून आणि शेपटीच्या मध्यावरून ओळंबा सोडा, दोन्ही खुणा खडूच्या दोरीने जोडा. प्रत्येक चाक या रेषेपासून वेगळं मोजा. फक्त दोन चाकांमधलं पुढचं-मागचं अंतर पाहिलं, तर एक चाक १° आत आणि दुसरं १° बाहेर असूनही बेरीज शून्य येते.

डिस्क थोडी वाकडी फिरत असू शकते. म्हणून एकदा मोजून चाक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

प्रश्नकर्ता
समजलं. मग लक्ष्य किती ठेवायचं? आणि शिमची जाड कड पुढे की मागे?

उत्तर १
शून्य ते अर्धा अंश टो-आउट, दोन्हीकडे सारखा. टेलव्हीलवर टो-इन नकोच. विमान डावीकडे वळू लागलं की भार उजव्या चाकावर जातो. ते चाक टो-इन असेल तर त्याचं तोंड डावीकडेच असतं, वळण आणखी आवळतं आणि ग्राउंड लूप होतो, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. टो-आउट असलेलं चाक उलट विमानाला सरळ ओढतं. मात्र टो-आउट जास्त झाला तर टायरची आतली कड झिजते.

पाय आणि अ‍ॅक्सलची फ्लँज (बोल्टने जोडायची चपटी बैठक) यांच्यामध्ये शिमची जाड कड पुढे असेल तर टो-आउट वाढतो, मागे असेल तर टो-इन. जाड कड वर असेल तर माथा बाहेर जातो. ७५ मिमीच्या फ्लँजला अर्धा अंश म्हणजे दोन कडांत फक्त ०.६५ मिमी फरक, तेव्हा कानशीने अंदाजे घासून हे जमत नाही, मशीनवर तासून घ्या.

उत्तर २
एक भर. शिम पाय आणि ब्रेकची टॉर्क प्लेट (जिच्यावर ब्रेकचा कॅलिपर बसतो) यांच्यामध्ये घाला. प्लेट आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये गेला तर कॅलिपर डिस्कला तिरपा बसतो आणि पॅड घासत राहतात. जाडी वाढल्यामुळे बोल्टची लांबी पुन्हा बघा: नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे, आणि भार बोल्टच्या गुळगुळीत भागावर यायला हवा. एका अंशाच्या पुढे गेलात तर नटाखाली तेवढ्याच उताराचा वॉशर द्या, नाहीतर बोल्ट कसताना वाकतो.