चिपीचं मुंबई विमान 'प्रवासी नव्हते' म्हणून बंद पडलं? साफ खोटं!

रानवाट
परवा इथेच एका धाग्यावर वाचलं: "सरकारने तीन वर्षं विमान दिलं, कोकणातल्या लोकांनी ते वापरलं नाही, बंद पडलं. आता रडू नका." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. लहान शहरांना विमानाने जोडायची केंद्राची योजना म्हणजे 'उडान', तिचं अनुदान तीन वर्षांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत संपली आणि त्याच महिन्यात मुंबईची फेरी थांबली. प्रवासी काय मुदतीची तारीख बघून गायब झाले?

आता वेळापत्रक आठवा. सुरू झालं तेव्हा विमान मुंबईहून साडेअकराच्या पुढे निघायचं, चिपीला एकला टेकायचं आणि अर्ध्या तासाच्या आत परत फिरायचं. मुंबईत सकाळी डॉक्टरला दाखवून संध्याकाळी घरी येणं अशक्य. चाकरमानी शुक्रवारी कामावरून सुटून रात्री निघतो, तर चिपीला रात्री उतरायची सोय नव्हती. ही वेळ प्रवाशाची नव्हेच. मुंबईत दिवसाच्या मध्यावर जी फट उरली, ती आमच्या वाट्याला आली.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. सत्तर आसनांच्या लहान एटीआर विमानाला जेवढा स्लॉट (उतरा-उडायची राखीव वेळ) लागतो, तेवढाच १८० आसनांच्या एअरबसला. कंपनी तो स्लॉट कुठे लावेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि हे फक्त चिपीचं नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल बघा. 'उडान'च्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग वाटले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली आणि मार्च २०२३ मध्ये त्यातले ५४ चालू होते. सगळ्या देशातले प्रवासी नालायक आहेत का?

हिशेबनीस
ती प्रतिक्रिया माझीच होती आणि मी तिच्यावर ठाम आहे. तुम्ही दिलेले आकडे माझीच बाजू मांडतात. अनुदान काढलं की मार्ग मरतो, याचा अर्थ पूर्ण भाडं देणारे पुरेसे लोक नाहीत. विमानाचं भाडेपट्ट्याचं आणि वैमानिकांचं महिन्याचं देणं ठरलेलं असतं, विमान रिकामं उडो की भरून. त्यात अंतर कमी. वर चढण्यातच इंधन जातं, तोवर उतरायची वेळ येते.

आणि मोपा विसरलात? ५ जानेवारी २०२३ ला गोव्यातलं हे मोपा विमानतळ सुरू झालं. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचा माणूस तिकडे जातो, कारण तिथे दिवसभरात कितीतरी विमानं आहेत आणि भाड्यात स्पर्धा आहे. तुमच्याच लोकांनी चिपी सोडलं, कंपनीने नंतर.

अनुदानाचा पैसाही आकाशातून पडत नाही. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून तो निधी उभा राहतो. म्हणजे मी मुंबई-दिल्ली तिकिटातून तुमचं भाडं भरायचं. का?

ओझरकर
का म्हणजे? एसटीची तोट्यातली गावगाडी कोणाच्या पैशावर चालते? ती बंद करा म्हणायची हिंमत आहे का तुमची?

आमच्या नाशिकची गंमत ऐका. ओझरचं टर्मिनल २०१४ पासून उभं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान आलं, टिकलं नाही. २०१८ मध्ये जेटने दिल्ली सुरू केलं, एप्रिल २०१९ मध्ये जेटच बुडाली. पुढेही कंपन्या आल्या आणि गेल्या. त्यातल्या एकीचं (नाव घेत नाही) सकाळचं तिकीट होतं. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला जायचं होतं. रात्री अकराला मेसेज आला: 'ऑपरेशनल कारणामुळे रद्द'. रात्रभर गाडी हाकत मुंबई गाठली, तिथून तिप्पट भाड्याने गेलो. बायको अजून ऐकवते. त्यानंतर घरात ओझरचं नाव कोणी काढत नाही.

अशी चार-चार विमानं रद्द करायची, माणसांचा भरवसा उडवायचा आणि मग कंपनीने म्हणायचं की नाशिकला मागणी नाही. ही कुठली रीत?

खानोलीचो
विमान जांवदे, आदी रस्तो पुरो करा! मुंबई-गोवा महामार्गाचा चौपदरीकरण २०११ पासून चालू आसा. माझ्या चुलत्याक रात्री छातीत दुखाक लागला तेव्हा विमान कामाक येवचा नव्हता, रस्तोच व्हयो होतो. त्या खड्ड्यांतून गाडी नेताना आमचो जीव आमकाच म्हायत.

डोंबिवलीचा गणू
रस्त्याचं बरोबर, पण आमचं खरं दुखणं रेल्वे आहे. १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, आज एवढ्या वर्षांनीही बहुतेक एकेरी. गणपतीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, मी आणि बायको दोन मोबाईल घेऊन बसतो, मिनिटाभरात वेटिंग. वंदे भारत आणली, ती सिंधुदुर्गात एकट्या कणकवलीला थांबते आणि पावसाळ्यात रोज नसते. दुपदरीकरण झालं तर विमान कोणाला हवंय?

खानोलीचो
तुमका वरसातून पाच दिवस व्हया, म्हणान सगळी रेल्वे गणपतीच्या नावान! आमी बारा म्हयने हंयच ऱ्हवतो. एरवी सावंतवाडीक गाडी थांबाक व्हयी, ह्याच्यार तुमी चाकरमान्यांनी कधी तोंड उघडल्यात?

डोंबिवलीचा गणू
तोंड सांभाळून. गावच्या देवळाचं छप्पर कोणाच्या वर्गणीतून झालं ते आधी विचारा. सावंतवाडी टर्मिनसच्या अर्जावर मी दादरला उन्हात उभं राहून सह्या गोळा केल्यात.

हिशेबनीस
बघा, म्हणजे कोकणातल्याच दोघांना विमान नको आहे. माझा मुद्दा सिद्ध झाला.

रानवाट
काही सिद्ध झालेलं नाही. ज्याला रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि रस्त्याने बारा तास लागतात, त्याला तिसरा पर्यायही नको, हे कुठलं तर्कशास्त्र? माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं. दर तपासणीला रेल्वेच्या बर्थवर चढताना-उतरताना तिचे गुडघे काय बोलतात ते मला माहीत आहे. विमान होतं तोवर ती खुर्चीवर बसून गेली आणि खुर्चीवर बसून आली.

टेक्सासी
इथे अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचं नियंत्रण उठवलं, तेव्हाच कळलं होतं की लहान गावं उघडी पडणार. म्हणून 'इसेन्शियल एअर सर्व्हिस' नावाची योजना काढली. ठरावीक गावांना किमान फेऱ्या मिळाव्यात म्हणून सरकार आजही पैसे देतं. 'तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहा' असली अट नाही. प्रवासीसंख्येचे निकष आहेत, त्यावरून दर काही वर्षांनी भांडण होतं, पण सेवा आवश्यक आहे हे मान्य करूनच भांडतात. आपल्याकडे फीत कापायला मंत्र्यांची रांग, मुदत संपताना एकही नाही.

हिशेबनीस
कायमचं अनुदान मला कधीच पटणार नाही. स्लॉटचा आणि वेळेचा मुद्दा मात्र मान्य करतो, नाइलाजाने. भर दुपारच्या फेरीवरून मागणी मोजू नये, ठीक. पण सकाळची वेळ देऊनही विमान अर्धं रिकामं गेलं, तर याच धाग्यावर येऊन लिहायचं. पळ काढायचा नाही.

रानवाट
लिहीन. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय. पनवेल, डोंबिवली, कल्याणचा चाकरमानी तिथे मुंबई विमानतळापेक्षा लवकर पोचतो. तिथले सकाळ-संध्याकाळचे काही स्लॉट लहान विमानांसाठी आत्ताच राखून ठेवा. एकदा मोठ्या मार्गांनी ते भरले की परत कोणी देणार नाही. खासदारांना पत्र पाठवतोय, सह्या हव्यात. गणू, दादरचा अनुभव कामी येईल.

खानोलीचो
माझी सही घाल. पण पत्रात लिव: चिपीसून कुडाळाक आणि मालवणाक एसटी विमानाच्या वेळेर लावा. स्वस्तातल्या तिकिटान उतरलेल्या माणसान रिक्षाक किती मोजूचे?