मध्यरात्रीच्या मिस्सेची गाणी: दहा गायक, दोन व्हायोलिन

कोयर_बार्देश
नाताळची मध्यरात्रीची मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) चर्चच्या पटांगणात आहे. सहा बायका, चार पुरुष, कीबोर्ड, दोन व्हायोलिन. गाणी बहुतेक कोंकणी. ‘ग्लोरिया’ हे ध्रुवपद असलेलं कॅरल (नाताळगीत) मिस्सेतल्या ग्लोरिया या स्तुतिगीताच्या जागी चालेल का? आणि सगळं चार आवाजांत (बायकांचे सोप्रानो नि आल्टो, पुरुषांचे टेनर नि बास; प्रत्येकाची ओळ वेगळी) बसवावं का?

सासष्टीकर
ग्लोरियाच्या जागी कॅरल नको. ग्लोरियाचे शब्द ठरलेले आहेत, ते पूर्ण गायलेच पाहिजेत. आगमनकाळाच्या म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारी ते नसतं, म्हणून त्या रात्री घंटांबरोबर ते असं उसळून येतं. तालमीचा जास्तीत जास्त वेळ तिथेच घाला. कॅरल मिस्सेआधी घ्या. प्रतिसाद स्तोत्रही (वाचनानंतरचं बायबलमधलं स्तोत्र, ज्याचं ध्रुवपद लोक म्हणतात) तपासा: रात्रीच्या मिस्सेला ९६वं, दिवसाच्या मिस्सेला ९८वं.

चार आवाजांचा हट्ट सोडा. टेनर दोन, बास दोन. एकाचा घसा बसला की तोल गेला. पहिलं कडवं सगळ्यांनी एका सुरात, कारण लोक चाल तेव्हाच पकडतात. दुसऱ्यात आल्टो आणा. शेवटच्यात सगळे परत मूळ चालीवर आणि त्यावर पहिलं व्हायोलिन. व्हायोलिननं आल्टोचीच ओळ धरली तर गाणं भरत नाही, गढूळ होतं.

सूर_आणि_पट्टी
‘सायलेंट नाइट’ बी फ्लॅट पट्टीत घ्या, सगळ्यात वरचा सूर ई फ्लॅट राहतो. सीमध्ये तो एफ होतो आणि लोक तिथेच गप्प होतात. ‘आदेस्ते फिदेलेस’ हे लॅटिन कॅरल जीमध्ये, खालच्या डीपासून वरच्या डीपर्यंत, सगळ्यांना झेपतं.

कीबोर्डचं ट्रान्स्पोज (पट्टी बदलायचं) बटण दाबलं असेल तर गाणं संपताच शून्यावर आणा. नाहीतर पुढच्या गाण्यात व्हायोलिन कागदावरच्या पट्टीत, कीबोर्ड भलत्याच. उघड्यावर गारठा आणि दंव, त्यामुळे तारांचा सूर हलतो. व्हायोलिन आधी थोडा वेळ बाहेर राहू द्या, कॅरल संपल्यावर कीबोर्डच्या ‘ए’वर पुन्हा लावा.

कोयर_बार्देश
कम्युनियनला (लोक रांगेत येऊन पवित्र भाकर घेतात तेव्हा) दोन गाणी पुरतील? साधारण सहाशे लोक, भाकर देणारे चार.

सासष्टीकर
नाही पुरणार. प्रत्येक रांगेत दीडशे जण, माणशी पाच सेकंद धरले तरी साडेबारा मिनिटं. तीन गाणी ठेवा, मध्ये नुसतं व्हायोलिन. ‘सायलेंट नाइट’ रांग संपून लोक बसल्यावर, दिवे मंद करून. शेवटी बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन असेल तर त्या रांगेची कॅरल वेगळी काढून ठेवा, कम्युनियनची तिथे पुन्हा नकोत.