मोटरसायकलमागे कॅम्पर ट्रेलर ओढावा का?

वळणवाट (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

अमेरिकेत होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या मोटरसायकलीमागे छोटा कॅम्पर ट्रेलर जोडून फिरणारी जोडपी दिसतात आणि त्यांतली बरीच साठीच्या आसपासची असतात. बंद असताना हा ट्रेलर एखाद्या मोठ्या पेटीसारखा दिसतो. मुक्कामी पोहोचून झाकण उलटले की त्यातूनच तंबू उभा राहतो आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दोघांपुरता पलंग तयार होतो. ज्यांच्या कमरेला आता जमिनीवर झोपणे मानवत नाही, त्यांचा मोटरसायकलवरचा प्रवास या सोयीमुळे चालू राहतो. म्हणून 'हे धोक्याचे आहे' एवढे एक वाक्य ऐकवून त्यांना गप्प करणे मला अन्यायाचे वाटते.

ट्रेलर कसा भरला आणि कसा जोडला, यावर बराचसा धोका ठरतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडाच्या गोळ्यावर (गाडीच्या मागे ट्रेलरचा दांडा जिथे अडकतो तिथे) यावा, असा रूढ नियम आहे. म्हणजे १६० किलोच्या ट्रेलरचे सुमारे १६ किलो. त्याहून फार कमी भार आला तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो, आणि फार जास्त आला तर गाडीचे मागचे चाक दबून पुढचे हलके होते. घरातल्या साध्या वजनकाट्यावर, जोडाच्या उंचीला, ट्रेलरचा दांडा टेकवला की हा भार मोजता येतो आणि सामान पुढे-मागे सरकवून तो दुरुस्तही करता येतो. जोड फिरता असावा, म्हणजे वळणावर गाडी कलली तरी ट्रेलर सरळ राहतो. एवढी काळजी घेऊन ब्लू रिज पार्कवेसारख्या डोंगरातल्या रस्त्याने जाण्यास काय हरकत आहे? सुमारे ७५५ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर ताशी ४५ मैलांहून अधिक वेगाने जायला परवानगीच नाही.

उतारकर (डेन्व्हर, कोलोरॅडो)

आपण भार मोजण्याबद्दल लिहिले आहे ते अचूक आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या गोल्ड विंगचे आपण उदाहरण देता, तिच्याच मालकपुस्तिकेत होंडाने ट्रेलर ओढू नये असे बजावले आहे, कारण ती गाडी त्या कामासाठी बनवलेली नाही. कंपनी स्वतःचा बचाव करण्यासाठी असे लिहिते, असे म्हणून ही सूचना बाजूला सारण्याची पद्धत पडली आहे. पण त्यामागचे कारण रस्त्यावर खरे ठरते.

गाडी आणि दोन माणसे मिळून ५४० किलो धरली आणि मागे १६० किलोंचा ट्रेलर लावला, तर त्याच वेगाला थांबवायची ऊर्जा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते, आणि अशा बहुतेक ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नसतात. सरळ रस्त्यावर हे निभावून जाते. वळणात मात्र गाडी कललेली असते आणि टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होत असते. त्या क्षणी ब्रेक दाबावा लागला तर ट्रेलर जोडाच्या ठिकाणी गाडीला पुढे आणि बाजूला असा दोन्हीकडे ढकलतो. चारचाकीला हा धक्का पेलता येतो, दुचाकीला तो पाडू शकतो. इकडे आय-७० महामार्गावर सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडले की सात टक्क्यांचा लांब उतार लागतो. तिथे पावसात असा ट्रेलर घेऊन कोणी उतरावे, असे मी कधीही सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. मोटरसायकलस्वार खड्डा चुकवतो तेव्हा तो फक्त आपल्या चाकांपुरता चुकवतो. ट्रेलरची दोन चाके त्याच्या दोन्ही बाजूंनी येत असतात, त्यामुळे नेमक्या त्याच खड्ड्यात त्यांतले एक जाऊ शकते. शिवाय ट्रेलर रेषेबाहेर जाऊ नये म्हणून लेनच्या मधोमध राहावे लागते, आणि सिग्नलपाशी मोटारींचे तेल सांडलेले असते ते तिथेच.

ओलावारा (लीड्स, इंग्लंड)

ब्रिटनने यावर मधला मार्ग काढला आहे, तो दोघांनीही पाहावा. येथे १२५ सीसीहून मोठ्या मोटरसायकलला ट्रेलर ओढता येतो. पण त्याची रुंदी एक मीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि भरलेले वजन १५० किलो किंवा मोटरसायकलच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत ठेवावे लागते. वेगमर्यादा मोटरवेवर, म्हणजे येथल्या द्रुतगती महामार्गावर, ताशी ६० मैल आणि साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैल. म्हणजे वळणवाट यांचा १६० किलोंचा ट्रेलर, गाडी कितीही मोठी असली तरी, येथे बेकायदा ठरेल.

वळणवाट

१५० किलोंची मर्यादा मला पटते. ती अमेरिकेतही असती तर मी तिचे स्वागत केले असते. खड्ड्यांचा मुद्दाही मान्य आहे, आणि त्यात चाकांच्या आकाराची भर घालतो. आठ इंची रिमचे लहान चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेते, तर गोल्ड विंगचे मागचे चाक साडेआठशेच्या आसपास. त्यामुळे ट्रेलरची बेअरिंगे लवकर तापतात, आणि प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्याशी हात जवळ नेऊन पाहणे आवश्यकच आहे.

मात्र उतारकर ज्या पर्यायाकडे नकळत ढकलतात, त्याचा त्यांनी विचार करावा. ट्रेलर नाही म्हणून तेच सामान मागच्या पेटीवर आणि बाजूच्या खणांत कोंबले, तर भार उंच आणि मागे जातो, तोही कलणाऱ्या गाडीवर.

उतारकर

सामान कोंबू नये, हे खरेच. ते कमी करावे किंवा मुक्कामाला खोली घ्यावी, एवढेच मी सुचवतो. ब्लू रिजवर वेग कमी असतो हे मान्य, पण तिथे वळणाआड हरीण उभे असते आणि ब्रेक वळणातच दाबावा लागतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवा आणि वजन १५० किलोंच्या आत आणा, मग त्या रस्त्यापुरता माझा विरोध राहणार नाही. कोलोरॅडोच्या उतारांबाबत तो तसाच आहे.