माहीमची बुधवारची नोव्हेना : आपापले अनुभव लिहावेत

काल माहीम स्थानकावर उतरणारी बुधवारची गर्दी पाहिली आणि आईचे दिवस आठवले. सेंट मायकल चर्चमधली ही नोव्हेना (नऊ बुधवार करायची मारियामातेची प्रार्थना) ८ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे मारियामातेच्या जन्मदिनी, सुरू झाली. आम्ही हिंदू. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी बंद पडली, घरात बोलणे जवळजवळ थांबले, तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती मावशींनी आईला नऊ बुधवार करायला सांगितले. आई तेथे चिठ्ठी लिहून ठेवत असे. त्यात काय लिहिले ते तिने कोणालाच सांगितले नाही, मात्र बुधवारी घरी आल्यावर ती पोटभर जेवत असे. वडिलांना पुढे रखवालदाराची नोकरी मिळाली, तीही बऱ्याच उशिरा. माझ्या मनात राहिले आहे ते आईचे ते जेवण.

वसईची लेक : आमच्या आजीला मराठीतली नोव्हेना हवी असे, म्हणून ती वसईहून गाडी पकडून येई आणि मला वेदीजवळचे मारियामाता आणि बाळ येशूचे चित्र समजावून सांगे. दोन्ही बाजूंचे देवदूत क्रूस, खिळे, भाला अशी दुःखसहनाची साधने घेऊन येतात, ती पाहून बाळ येशू घाबरून आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि त्या धांदलीत त्याच्या एका पायातली चप्पल सुटून लोंबकळते. ती सुटलेली चप्पल मी आजही आधी शोधते.

विरारकर : आम्ही बाहेरच्या विक्रेत्याकडून मेणाचे घर घेऊन, स्वतःचे घर व्हावे म्हणून मातेला वाहिले होते. ते अजून झालेले नाही, तरीही पत्नी श्रद्धेने जाते आणि मी तिच्याबरोबर जातो.

शुभदा : विरारकर, आपल्या घरासाठी मीही प्रार्थना करीन. माझा एक प्रश्न आहे : ख्रिस्ती नसलेल्या माणसाने आत बसले तर चालते का? सासूबाईंच्या आजारपणामुळे जावेसे वाटते, पण संकोच होतो.

वसईची लेक : शुभदाताई, निःसंकोच जावे. तेथे कोणी धर्म विचारत नाही. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असेल तर कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, फक्त कॅथलिकांनी घ्यायचे असते, त्या वेळी आपण जागेवरच बसून राहावे, कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

रात्रपाळी : मी परिचारिका आहे. आमचे पहिले बाळ गेले, त्यानंतर मेणाची बाळे विकणाऱ्यांच्या समोरून जाणेही मला सोसवत नसे, म्हणून दुसऱ्या बाजूने आत शिरून मी मागच्या बाकावर बसत असे. मातेचे आभार मानणारी भाविकांची पत्रे वाचून दाखवली जात, कोणाला मूल झाले, कोणाचा ताप उतरला, आणि ती ऐकताना मला राग येई. एकदा शेजारी बसलेल्या, बुरखा घातलेल्या बाईंनी काहीही न विचारता पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. माझे मागणे पूर्ण झाले नाही, पण त्या रागासकट मला तेथे बसता आले, याबद्दल मी त्या जागेची ऋणी आहे.

धागाकर्ती : रात्रपाळी, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. शुभदा, मी येत्या बुधवारी जाणार आहे. मराठी नोव्हेनेची वेळ आधी विचारून येथे कळवते. सासूबाईंना बसवून आणणार असाल तर संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी यावे, आपण माहीम स्थानकावर भेटू.