वीसबाडेनचा कोखब्रुनेन : तुम्ही पाणी प्यायलात का?

फ्रँकफर्टच्या आसपास राहतो, त्यामुळे पाहुणा आला की वीसबाडेनची फेरी ठरलेली. परवा सासऱ्यांना तिथल्या कोखब्रुनेन या गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. ते घरून स्टीलचा पेला घेऊन निघाले. "तीर्थ कागदी कपात घेत नाहीत," म्हणे. मंडपातल्या नळाखाली पेला धरला आणि लगेच चटका! मग मफलरमध्ये गुंडाळून, फुंकर मारमारून एक घोट घेतला. बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, "वरणाचं पाणी आहे. हिंग राहिलंय."

तुमचं काय झालं? लिहा.

माइंत्सहून
सासऱ्यांना माझा नमस्कार, चव अचूक पकडली आहे. पाणी मिठाचं आहे, साधारण ६६ अंशांचं, आणि नळाला येतं तेव्हा स्वच्छ असतं. मी पहिल्याच वर्षी हौसेने थर्मास भरून आणला आणि ओट्यावर विसरलो. दुसऱ्या दिवशी आत पिवळट पाणी, तळाशी गंजासारखा गाळ. पाण्यातल्या लोखंडाला हवा लागली की असं होतं. बायकोने थर्मास कुंडीला पाणी घालायला काढला, तर म्हटलं, अगं नको, खारट आहे ते!

चौकातलं ग्रॅनाइटचं कारंजं बघा. त्याच्यावर याच पाण्याची तांबूस-पिवळी पुटं चढली आहेत, हात लावला की खरखरीत लागतात. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने या झऱ्यांबद्दल लिहिलंय की पाणी काढल्यावर तीन दिवस उकळत राहतं आणि काठावर सच्छिद्र दगड तयार होतो. तीन दिवसांची थाप सोडा, पण दगडाचं खरं आहे.

पुण्याहून
नावाचा अर्थ 'उकळता झरा', म्हणून हिमाचलातल्या मणिकर्णच्या झऱ्यासारखं काहीतरी असेल, भाताची पुरचुंडी सोडता येईल, असं वाटलं होतं. ६६ अंशांत कसला भात शिजतोय! बुडबुडे येतात ते वायूचे. थोडी निराशा झाली.

डार्मस्टाटहून
२०११ च्या जानेवारीत तिथे मुलाखतीला गेले होते. दोन तास लवकर पोचले, बोटं बधिर. कारंज्यातून वाफ निघत होती. बाजूच्या बाकावर बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले. एक आजीबाई आल्या, कप भरला, माझ्याकडे बघून हसल्या आणि खुणेने सांगितलं, हळूहळू पी. नोकरी नाही मिळाली. तो कप मात्र पूर्ण संपवला.

राजापूरकर
आमच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर आम्ही नुसत्या आंघोळी केल्या, प्यायचं कधी सुचलं नाही. तिथेही आंघोळीची सोय आहे का?

माइंत्सहून
आहे, १९१३ चं सुंदर स्नानगृह जवळच आहे. पण सौनात कपडे घालून बसत नाहीत. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर आधी घरी सांगा, दारात नको. (अनुभवाचे बोल. बाबा तासभर बाहेर वर्तमानपत्रातली चित्रं बघत बसले होते.)

नाशिकहून
मे महिन्यात जातोय. स्टेशनवरून कसं जायचं?

धागाकर्ता
पायी वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर बस. स्टॉपचं नावच कोखब्रुनेन आहे. रक्तदाब असेल तर एक-दोन घोटच घ्या. आणि पेला न्यायचा तर स्टीलचा नको.